दाबून धर!

मोटारीच्या ब्रेकचा पाइप घरच्या घरी बदलायला दोन माणसं लागतात, असं या विषयातले जाणकार सांगतात. रत्नागिरीत सात लागतात. एक गाडीखाली आडवा, एक गाडीत बसलेला आणि पाच जण भोवती उभे. यांतल्या खालच्याचं कौतुक होतं, भोवतीच्यांना चहा मिळतो आणि गाडीत बसून पॅडल दाबणाऱ्याला बोलणी बसतात. दुरुस्तीच्या पुस्तकांत या माणसाचा उल्लेख 'मदतनीस' एवढ्यावर उरकलेला असतो. आमच्याकडे पॅडल दाबणारी मी होते. मदतनिसाची बाजू आजवर कुणी मांडलेली नाही, ती मांडावी म्हणून लिहिते आहे.

खरं तर ही जागा वहिनीची. पण मागे कधीतरी क्लचची वायर बदलताना ती एकदा गाडीत बसली होती. त्या दिवशी काय झालं ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. या वेळी दादानं "अगं, जरा बाहेर ये" म्हणताच तिनं कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ओढली आणि "बहिणीला बोलवा" एवढंच म्हणाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. "तुला पास्कलचा नियम येतो ना? मग झालं तर," या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. दोष अरबी समुद्राचा आहे. रत्नागिरीत पावसाळ्यात पाऊस झोडपतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा सुटतो. खिडकीचे गज, सायकली, वहिनीच्या माहेरून आलेलं कपाट, सगळ्याचा इथे यथावकाश तांबडा भुगा होतो. ब्रेकचा पाइप पोलादी असला तरी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाड, पेन्सिलीहून बारीक. मास्टर सिलिंडरपासून निघून तो गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जातो. वाटेत ठिकठिकाणी त्याला प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं, आणि उघड्यावर गंजत नाही एवढा तो या क्लिपांच्या आत गंजतो. चिखल आणि मीठ गणपतीला आलेल्या पाहुण्यांसारखे त्या क्लिपेत शिरतात आणि मुक्काम ठोकतात. गाडीच्या दारावर नखाएवढा ओरखडा उठला तर आपण आठवडाभर हळहळतो. पोटाखाली ज्याच्यावर आपला जीव अवलंबून आहे तो पाइप सडत असतो, आणि वाकून बघायला कुणाला वेळ नसतो.

पहिली बातमी खळ्यानं दिली. डाव्या मागच्या चाकाखाली एक ओला डाग दिसला. शेजारचे आप्पा काठी टेकत आले, बघितलं आणि म्हणाले, "एसीचं पाणी." दादाच्या गाडीचा एसी कित्येक उन्हाळ्यांपूर्वी वारला आहे. निवृत्त पोस्टमास्तरांनी बोट बुडवून वास घेतला, बोटांवर बोट चोळलं आणि रजिस्टर पत्र आल्यासारखे गंभीर झाले. पाणी असतं तर वाळलं असतं, इंजिन ऑइल असतं तर काळं असतं. हे पिवळसर होतं, बुळबुळीत होतं आणि वाळायचं नाव घेत नव्हतं. ब्रेक ऑइल.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डावरचा लाल दिवा बरेच दिवस लागतोय. पण गाड्या बनवणाऱ्यांनी इथे एक काटकसर करून ठेवली आहे. हँडब्रेक ओढला की जो दिवा लागतो, तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. त्यामुळे तो दिसला की आपला मराठी माणूस हँडब्रेक एकदा ओढतो, एकदा सोडतो, दिव्यावर टिचकी मारतो आणि "सेन्सर गेलाय" असं निदान करून पुढे निघतो. हॉर्नचं मात्र तसं नाही. हॉर्न बंद पडला तर तो त्याच दिवशी, जेवायच्या आत दुरुस्त होतो. हॉर्नशिवाय गाडी बाहेर काढायला कुणी धजत नाही. ब्रेकशिवाय धजणारे खळ्यात पाच जण उभे होते.

"गावातल्या गावात काय होत नाय," प्लंबर म्हणाला.

"पॅडल दोनदा पंप केलं की लागतो," आप्पा म्हणाले. "आमचा तर वर्षभर असाच होता."

"घाटात न्यायची नाही फक्त," पोस्टमास्तरांनी तोडगा काढला.

यात दुर्दैवानं थोडं तथ्य आहे, आणि तेच धोक्याचं. मोटारीत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, बऱ्याच छोट्या गाड्यांत ते तिरपे: पुढचं उजवं चाक आणि मागचं डावं एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक पाइप फुटला तरी दुसऱ्या मार्गावरची दोन चाकं धरतात. पॅडल बरंच खाली जातं, गाडी थांबायला जास्त अंतर घेते, पण थांबते. ही सोय इंजिनिअर लोकांनी माणसाला रस्त्याच्या कडेपर्यंत जिवंत पोचता यावं म्हणून केली. आपण तिच्यावर वर्षभर गाडी चालवतो आणि वर गाडीचं कौतुक करतो.

आप्पांचं ब्रेकशी नातं तर त्याहून पुढचं आहे. कोल्हापूरहून येताना आंबा घाटाच्या माथ्यावर ते इंजिन बंद करतात. "साखरप्यापर्यंत पेट्रोलचा थेंब लागत नाही," हे त्यांच्या आयुष्यातल्या मोजक्या अभिमानाच्या गोष्टींपैकी एक. पॅडलवरचा पाय हलका लागतो तो इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालणाऱ्या बूस्टरमुळे. इंजिन बंद केलं की बूस्टरात उरलेली शिल्लक दोनचार दाबण्यांत संपते, आणि मग पॅडल दगड होतं. शिवाय गिअरचा अडसर गेल्यानं सगळा भार ब्रेकवर. हे मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, घाट मी तुझ्या जन्माआधीपासून उतरतोय." या युक्तिवादाला विज्ञानाकडे उत्तर नाही.

आता ही गाडी थेट गॅरेजला का नेली नाही, असं कुणीही विचारेल. विचारलं होतं. "गणपती झाल्यावर या," असं उत्तर मिळालं. भाद्रपदात कोकणातलं प्रत्येक गॅरेज चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेलं असतं, मुंबईहून येताना महामार्गानं ज्यांची हाडं खिळखिळी केली त्या सगळ्या रांगेत. दादाचा धंदा आंब्याचा. पावसाळ्यात त्याच्या हाताला काम नसतं, आणि अशा माणसाच्या हाती पान्हा लागला की घरच्यांनी सावध व्हायचं असतं.

गाडी उचलण्यापासून मतभेद सुरू झाले. जॅक हा चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर माणसानं गाडीखाली शिरायचं नसतं. आधार द्यायला प्लंबरनं चटकन दोन चिरे उचलून आणले. जांभा घराच्या भिंतीला उत्तम, पण तो सच्छिद्र दगड एका ठिकाणी भार पडला तर कधी फुटेल याचा नेम नाही. मी गाडीत बसायचं नाकारलं, तेव्हा कुठे दादा लोखंडी घोड्या भाड्यानं घेऊन आला. मदतनिसाच्या संपाचा इतिहासात नोंदलेला हा बहुधा एकमेव यशस्वी प्रसंग.

मग जुन्या पाइपचा नट. हा नट म्हणजे या कामाचा खरा खलनायक. वर्षानुवर्षं मीठ खाऊन तो पाइपला असा चिकटतो की नट फिरवला तर पाइपही पिळत फिरतो. त्याच्यासाठी वेगळा पान्हा मिळतो, रिंग पान्ह्यासारखाच, फक्त पाइप आत सरकावा म्हणून एका बाजूला फट ठेवलेला. दादानं साधा फिक्स पान्हा लावला, जोर केला, आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. मग खळ्याचं वैद्यकीय मंडळ बसलं. कुणी रॉकेल सुचवलं, कुणी गंज सोडवायचा फवारा. काकूंनी खोबरेल तेलाची वाटी आणली. कोकणात कुठल्याही आजारावर दुसरं औषध नसतंच. प्लंबर गॅसची बत्ती घेऊन निघाला होता, त्याला अडवला. ब्रेक ऑइल ज्वलनशील असतं, आणि पेट्रोलची टाकीही मागेच. शेवटी करायचं ते सोपं निघालं. जुना पाइप असाही टाकूनच द्यायचा होता. दादानं तो नटाजवळ करवतीनं कापला, मोकळ्या झालेल्या नटावर सहा कोपऱ्यांचा सॉकेट ठोकून बसवला, आणि नट कुरकुरत सुटला. "खोबरेलानं सुटला," काकू म्हणाल्या.

पाइप मधेच कापलेला बघून प्लंबरच्या अंगात वीज संचारली. "मधला सडका तुकडा काढू आणि पितळी जोड टाकू. पाण्याच्या लायनीला टाकतो तसा. आयुष्यभर बघायला नको." इथे मात्र मी गाडीतून उतरून पॅडल सोडून वर्गावर आले. घराच्या छपरावर दहा मीटर उंचीची टाकी ठेवली तर खालच्या नळाला एक बारचा दाब मिळतो. माणसानं घाबरून कचकन ब्रेक मारला की या बारीक पाइपातला दाब शंभर बारच्या घरात जातो. तेवढा दाब पाण्यानं द्यायचा तर टाकी किलोमीटरभर उंच बांधावी लागेल. सडका पाइप जिथे गळतो तिथेच तेवढा सडलेला असतो असंही नाही. तो शेजारच्या क्लिपेत पुढच्या आठवड्यात फुटतो. प्लंबर विचारात पडला. किलोमीटरभर उंच टाकीचं काम कुणाला मिळेल, याच्या विचारात असावा.

नवा पाइप दोन तऱ्हेनं मिळतो. एक तयार, दोन्ही टोकांना फुलोरा काढून नट घातलेला. दुसरा नुसती गुंडाळी. शहाण्यानं पहिला घ्यावा. दादानं दुसरा घेतला. जुन्या पाइपवरून सुतळीनं माप घ्यायचं, वळणं त्याच जागी द्यायची, आणि वळण देताना पाइप चेपू द्यायचा नाही. एकदा मुरड पडली की तो टाकूनच द्यायचा. दादानं वळणं वहिनीच्या लाटण्यावर दिली. लाटण्याची परवानगी घेतली होती की नाही, हे संध्याकाळी कळलं.

त्यानंतर टोकाचा फुलोरा. पाइपचं तोंड फनेलसारखं उमलवायचं आणि मग तेच आत दुमडून दुहेरी करायचं. एकेरी फुलोरा पोलादाला चीर जाऊन दगा देतो, म्हणून दुहेरी. छोट्या साच्यात पाइप धरून स्क्रू पिळत हे करावं लागतं, आणि पहिल्या प्रयत्नात साधत नाही. दादाचा अखेर असा सुबक उमलला की आप्पांनीसुद्धा "वा!" म्हटलं. पोस्टमास्तरांनी फोटो काढला. काकूंनी विचारलं, "आणि तो नट कुठे घालायचा?"

नट पत्र्याच्या डब्यात होता. फुलोरा काढायच्या आधी तो पाइपवर ओवायचा असतो, कारण नंतर तो उमललेल्या तोंडावरून जात नाही. जगात ज्या ज्या माणसानं घरी ब्रेकचा पाइप केला आहे, त्या प्रत्येकानं ही चूक एकदा केली आहे आणि नंतर ती कधीच केली नाही असं सांगितलं आहे. दादानं कुणाकडेही न बघता फुलोरा कापला. फोटो मात्र पोस्टमास्तरांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून झाला होता.

पाइप बसला. आता ज्याच्यासाठी मला बोलावलं होतं ते काम: एअर काढणं.

पास्कलचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम मांडणारा पास्कलचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. चारही चाकांना या नियमानं थांबवणारी ड्यूसेनबर्ग गाडी अमेरिकेत विक्रीला आली १९२१ साली. मधल्या अडीचशे वर्षांत हा नियम मुलांना परीक्षेत चार मार्कांपुरता उपयोगी पडत होता. पण नियमात एक अट आहे: आत द्रवच हवा. द्रव दाबला तर आक्रसत नाही, हवा आक्रसते. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला की पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो आणि चाक आरामात फिरत राहतं. म्हणून ती हवा हाकलायची.

पद्धत अशी. चाकापाशी एक छोटं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. वरच्यानं पॅडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल सैल करायचं, बुडबुडे बाटलीत बाहेर पडतात, पॅडल तळाला जातं. मग खालच्यानं निपल घट्ट केल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर निपलातून हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. बस. एवढंच. यासाठी दोन माणसं आणि तीन शब्द पुरतात: दाब, धर, सोड.

पण हे शब्द गाडीखालून येतात, चाकाआडून येतात, तोंडात पान्हा धरलेल्या माणसाकडून येतात. आणि ते शब्द रत्नागिरीच्या खळ्यात इतरही कामांना वापरले जातात.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

"अहो, त्या कुत्र्याला सोडा आता!" ही काकू, आप्पांना.

मी सोडलं. याबद्दल खालून जे ऐकावं लागलं ते विज्ञानाच्या शिक्षिकेनं छापण्यासारखं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे: हुकूम कुणाचा हे पायाला कळत नाही. विमानतळावर विमान उतरवताना एकच माणूस बोलतो, बाकीचे गप्प बसतात. मी ही अट घातली. दादानं मान्य केली. भोवतीच्यांनी मान्य केली नाही. "आता दाबा हो," पोस्टमास्तर खिडकीतून डोकावून सांगत. "आणखी जोरात," आप्पा सांगत. प्लंबर नळीकडे बघून "आला, आला, बुडबुडा आला" असं धावतं वर्णन करत होता.

यात एक तिसरं काम असतं, आणि ते नेमकं ज्याला कुणी काम मानत नाही त्याला दिलं जातं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवायची, पातळी उतरली की भर घालायची. ती रिकामी झाली तर वरून हवा आत जाते आणि खाली काढलेली सगळी वाया. हे काम पुतण्याकडे होतं. पुतण्या डबीसमोर उभा राहून मोबाइल बघत होता. डबी रिकामी झाली. पुन्हा दाब, पुन्हा धर. मधे ऑइल कमी पडेल असं वाटताच आप्पांनी घरातून इंजिन ऑइलचा कॅन आणवला. "ऑइल ते ऑइल." खनिज तेलानं ब्रेकच्या आतली रबरं फुगून निकामी होतात, मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलायची वेळ येते. तो कॅन मी स्वतः जाऊन विहिरीपलीकडे ठेवला.

शेवटी बुडबुडे थांबले आणि पॅडल कडक लागलं. मग उरलेली तिन्ही चाकं. गाडीला एबीएस असतं तर काही वेळा हवा काढायला गॅरेजमधला कॉम्प्युटर लागतो, मग मात्र मी दादालाही खळ्यातून उठवलं असतं. नुकसान एकच झालं. कुणीतरी ब्रेक ऑइलची बाटली डिकीवर ठेवली होती. हे ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्यानं धुवावं लागतं. कुणी धुतलं नाही. डिकीवर पेंटरनं रंगवलेलं 'आईचा आशीर्वाद' होतं, त्यातला आशीर्वाद उतरला. आई शिल्लक आहे.

इंजिन सुरू करून पॅडल मिनिटभर दाबून धरलं. दादानं विजेरीनं प्रत्येक जोड तपासला, सगळे कोरडे. लाल दिवा विझला. आता खळ्यातल्या खळ्यात, माणसाच्या चालीनं गाडी पुढे-मागे करून बघायची, मग गल्लीत, मग रस्त्यावर. दादा म्हणाला, "चला, कोण बसतंय?"

आप्पांना गुडघा आठवला. पोस्टमास्तरांचं बँकेत काम निघालं, रविवार असूनही. प्लंबरला कुणाच्या तरी मोरीत पाणी तुंबल्याचा फोन आला. फोन वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही. अर्ध्या ब्रेकवर गावभर हिंडायला हरकत नाही म्हणणारी ही मंडळी नव्या, पूर्ण ब्रेकच्या गाडीत खळ्यापासून फाटकापर्यंत बसायला तयार नव्हती. वहिनी तेवढी पदराला हात पुसत बाहेर आली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी फाटकाशी थांबली. ती म्हणाली, "लाटणं नवीन आणायचंय, तसेच बाजारात चला."

गणपती झाल्यावर गाडी गॅरेजला दाखवून आणली, कारण घरी केलेला ब्रेक दुसऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे, ही माझी दुसरी अट होती. मिस्तरी खाली गेला, हातानं पाइप चाचपला, पॅडल दाबलं, परत दाबलं. "कुणी केलं?" दादानं छाती काढली. "क्लिपा बदलायच्या ना," मिस्तरी म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. आमच्याकडे एवढं म्हणजे सुवर्णपदक.

राहिलं ते उरलेलं ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. ताजं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापले की त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा तोच बुडबुडा. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं, आणि उघडलेली बाटली जपून ठेवू नये, कोकणच्या हवेत तर नाहीच. आमच्याकडे अर्धी बाटली आहे, हे ग्रुपवरच्या फोटोमुळे सगळ्यांना माहीत झालंय आणि रोज कुणीतरी वाटी घेऊन येतं. त्या सगळ्यांना, विशेषतः आप्पांना, जाहीर सांगते: विरजण मागा, साखर मागा, ते मिळेल. ब्रेक ऑइल सीलबंद, नवं, दुकानातून आणा.